बारीक वळलेलं कुसकुस

सफाक्स, ३ ऑगस्ट

चि. लझारास ताईचे अ. आ.

फोनवर तू कायम घाईत, म्हणून लिहितेय. उम्मीने गाडीवाल्याच्या हाती पाठवलेलं रव्याचं कुसकुस मिळालं. दाणा न् दाणा मोहरीएवढा! उम्मी असं वळतच नाही. तुमच्या शेजारच्या मब्रूकाने फोनवर सांगितलं, ते त्या कादियातूने वळलंय. अरे, गिनीहून आलेल्या त्या पोरीला माझी खोली, माझं लोकरीचं पांघरूण, आणि आता आपल्या आईचा, उम्मीचा हातगुणसुद्धा? लग्नात उम्मी मला म्हणाली होती, तुला नाही जमायचं, मीच पाठवत जाईन. हो, जळतेय मी!

आणि तू रे? तटरक्षकाची नोकरी म्हणून समुद्रावर नावा अडवायच्या, आणि अडवलेलीलाच घरी पोसायचं? घरचं झालं थोडं, व्याह्याने धाडलं घोडं! घालव तिला.

लोभ असावा, पण आधी माझ्यावर.
नाझिहा

जर्जीस, १० ऑगस्ट

सौ. ताईस सा. सलाम.

चोरून समुद्रापार निघालेली तिची नाव मीच परत फिरवली, आणि उद्याही कुणाची आली तर फिरवीन. पत्रे ठोकून केलेल्या त्या नावा किनारा दिसेनासा व्हायच्या आत फुटतात. गेल्या महिन्यात मी नऊ जण पाण्यातून काढले, एकही जिवंत नव्हता. शिवाय कोण येतं, कोण जातं, हे देशाला कळायला नको? पण कादियातू तापाने फणफणली होती. अडवलेल्यांना ठेवतात त्या वाळवंटातल्या छावणीत ती टिकली नसती. बरी झाली की पोचवू म्हणून घरी आणली. बरी झाली, आणि मग माझ्याने पोचववेना. चूक म्हण हवं तर.

उम्मीची बोटं आता वळत नाहीत. तुला कळू द्यायचं नाही, अशी तिची तंबी आहे. कादियातूला तिने शिकवलं ते तुझ्यासाठीच, तुला बारीक आवडतं म्हणून. ये ना एकदा, दोन वर्षं झाली.

रागाव, पण माया आटू देऊ नकोस.
लझार

जर्जीस, १७ ऑगस्ट

ताई,

माझं पत्र पोचायच्या आत कादियातूची खबर देणारा तुझा फोन आमच्या चौकीवर आला होता. नाव सांगितलं नाहीस, पण ‘आमच्या अंजिरामागची खोली’ असं बोलून गेलीस. फोन साहेबांनी घेतला. तिला छावणीच्या गाडीत बसवायचा हुकूम मलाच झाला. तिने फक्त अर्धा तास मागितला. परातीत रवा भिजवलेला होता, तो वळून, चाळून, चादरीवर वाळत घालून गेली. चुगली मब्रूकानेच केली असं समजून उम्मी तिला शिव्याशाप देतेय. तुझं नाव मी सांगितलेलं नाही.

वाळलेलं सोबत पाठवतोय. तुझंच आहे.
लझार

सफाक्स, २० ऑगस्ट

चि. लझारास,

पिशवी पोचली. उघडायचा धीर होत नाही. परवा पहिल्या गाडीने येतेय. मब्रूकाला आणखी बोल लागू देऊ नकोस, फोन माझा होता हे उम्मीला मीच सांगेन. ती खोली कादियातूसाठी तशीच ठेव, मी उम्मीच्या पायाशी निजेन. छावणीत भेटायला कधी सोडतात ते विचारून ठेव. आणि माझं ते पांघरूण धुऊन ठेव, वाळवंटात रात्री गारठा असतो म्हणे.

लोभ असावा म्हणायला तोंड नाही.
नाझिहा