पंजाबरावांची गाडी चालू होत नाही त्याबाबत

चि. संघर्ष यास,

शीलाताईचा सप्रेम जयभीम, आशीर्वाद, अन् पाठीत एक धपाटा. (धपाटा कायचा ते पुढं येईन.)

तू खुशाल असशील, पांढरकवड्याच्या तुह्या टायरच्या दुकानात रोज ट्रक पंक्चर होऊन येत असतील, अन् दिपालीची पाठ दुखाची थांबली असन, असं धरून चालते. आमच्याकडची खुशाली म्हणशील तं बकरी बरी आहे. तुहे भाऊजी जाऊन अडीच महिने झाले. भाजी अजून दोघांचीच होते, अन् उरलेली मी सकाळी उभ्यानं खाते. बरं, रडाले पत्र नाही लिहून राह्यली. गाडीसाठी लिहून राह्यली. फोनवर तू ‘हो ताई, हो ताई’ म्हणत मध्येच ठेवून देतं, म्हणून कागदावर धरलं तुले.

तुले माहीतच आहे, मी पलीकडच्या गावच्या शाळेत खिचडी शिजवते. चार किलोमीटर. हे होते तं रोज गाडीवर सोडून देत. आता पायी जाते, अन् डाळ शिजेपर्यंत पोरं ताटल्या वाजवत बसतात. मुख्याध्यापक परवा म्हणाले, शीलाबाई, एक तारखेपासून वेळेवर जमत नसन तं सांगा, दुसरी बाई पाहू. मी म्हटलं, गाडी शिकते. ते हसले. हसू दे. पण शिकाच्या आधी ती मेली चालू तं झाली पाहिजे!

गाडी उभी आहे ते यायले लकवा मारला तवापासून. दवाखान्यातल्या त्या तीन दिवसांचं काय सांगू, तू पोचला तोवर सारं झालतं. उजवं अंग गेलं, वाचा गेली, राह्यला तो डावा हात. तो हात सारखा चादरीखाली जाये अन् अंगठ्यानं काहीतरी दाबत राहे. डोळे माह्याकडं. मले वाटे, पेशाब लागली. मी भांडं लावो, हे मान हलवून नाही म्हणत, अन् पुन्हा अंगठा चालू. (चौथ्यांदा नर्सबाई म्हणाली, पेशंटले नाही लागली तं तुम्हीच जाऊन या!) असं भांडं लावता लावताच गेले ते. बावीस वर्षांचा संसार, अन् शेवटचं बोलणं काय, तं भांडं.

तं गाडी. किक मारली, ढिम्म. ढाणकीहून देवीलाल मिस्त्री आणला. त्यानं बॅटरी चार्ज करून आणली. हॉर्न वाजला, लाईट लागला, मी जिलेबी आणाले निघाली, गाडी ढिम्म. फ्यूज पाह्यला, चांगला. हँडलवरचं लाल बटन पाह्यलं, चांगलं. प्लग खोलून इंजिनाले टेकवला अन् मले किक माराले लावली, ठिणगी नाही. प्लग नवा टाकला, ठिणगी नाही. कॉईल बदलली, तरी नाही. मंग शेजारचे पूनमसिंग आले (जन्मभर विजेच्या खांबावर चढले, रिटायर झाल्यापासून खाली राहून साऱ्यायले शिकवतात) अन् म्हणाले, असं नाही समजत, प्लगची वायर हातात धरा. मी धरली. त्यायनं किक मारली. झटका बसला काय? नाही. मंग करंटच नाही, म्हणे. एवढं शिक्षण माह्यं फुकटात झालं.

शेवटी देवीलालनं डोकं खाजवलं. म्हणे, काकू, पंजाबरावनं चोर स्विच तं नाही बसवला? म्हणजे गाडीत कुठंतरी लपवलेलं बटन. गाडी उभी केली का गुपचूप बंद कराचं, मंग दुसऱ्यानं चाबी लावली तरी ठिणगी पडत नाही. माह्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हटलं, बापा, आमच्या गावात चोर कोण? अन् बसवला असता तं मले सांगतलं नसतं काय? चपलीची जोडी घेतली तरी मले दाखवून घेणारा माणूस तो! त्यानं अर्धी गाडी चाचपली, उरलेली अर्धी मी चाचपू दिली नाही. गेला बिचारा.

पण मले त्या दिवशी जेवण गेलं नाही. आठव जरा. मागच्या एप्रिलात तू न विचारता गाडी पुसदले नेलती, टाकी कोरडी अन् इंडिकेटर मोडून आणलतं, अन् मी त्यायच्यापाशी खोटं बोलली का मीच दिली म्हणून. (धपाटा तो हा.) दुसऱ्या दिवशी हे स्वतः पुसदले जाऊन इंडिकेटर बसवून आले. एका इंडिकेटरले सारा दिवस! तवा मी काही विचारलं नाही. आता खिचडी हालवता हालवता तेच घोकून राह्यली: बटन असन तं मले काहून नाही सांगतलं? भावाले सांगीन म्हणून? बावीस वर्षं मी कोणाची होती मंग?

भासरे, म्हणजे यायचे मोठे भाऊ, काल येऊन म्हणाले, गेलेल्या माणसाची गाडी दारात सडवू नको, रविवारी भंगारवाला घेऊन येतो. उद्याच रविवार. मी हो म्हटलं. थकली रे मी. आता उठते, तिले पुसून ठेवते. जाणाऱ्याले तशीच मळकी धाडू नये.

दिपालीले जयभीम सांग.

तुही ताई,
शीला

ता. क. पाकीट चिकटवलं नव्हतं ते बरं झालं. आज रविवार. काल पुसता पुसता फडकं एका जागी गेलं (कुठं ते लिहीत नाही) अन् अंगठ्याले बटन लागलं. हात माह्याच, पण तसाच वळलेला, यायचा दवाखान्यात चादरीखाली वळे तसा. संघर्ष, मी तिथंच मातीत बसली. माणूस तीन दिवस मले बटन सांगून राह्यला, अन् मी त्याले भांडं लावून राह्यली! पूनमसिंगले बोलावलं. मले करंट पाहाची एकच रीत माहीत, म्हणून बटन दाबून पुन्हा वायर हातात धरली. त्यायनं किक मारली. बसला! पार खांद्यापर्यंत! मी मोठमोठ्यानं रडली. त्यायले वाटलं झटक्यानं. मी म्हटलं, हो, झटक्यानंच. भासरे आले तवा गाडी आंगणात धडधडत होती. त्यायले अन् भंगारवाल्याले चहा पाजून वापस धाडलं.

आणखी एक. खरं काम हे, का एक तारखेच्या आत चार दिवस ये अन् मले गाडी शिकव. एसटीनं ये.

अन् शेवटचं. रोज सकाळी बटन मीच दाबीन, तवा तू तोंड भिंतीकडं करून उभा राहाचं. रुसू नको. त्यायनं जाता जाता साऱ्या जगात फक्त मले सांगतलं आहे.