न शिवलेली जखम

प्रिय बुरुल,

बिश्केकहून सलाम. या पत्रात मला एवढेच सिद्ध करायचे आहे, की पापणीवरची गाठ काढल्यावर डॉक्टरांनी जखम उघडी ठेवली हा हलगर्जीपणा नव्हता. ती शिवून घ्यायला लावण्यासाठी तू नारिनहून येण्याची गरज नाही.

गाठ मुळासकट निघाल्याचा अहवाल आला आहे. सहा आठवड्यांपूर्वी नाकाजवळच्या कोपऱ्यात करंगळीच्या नखाएवढा खड्डा होता. आज तेथे गुलाबी कातडी आहे आणि डोळा पूर्ण मिटतो. वाऱ्यात थोडे पाणी येते, इतकेच.

वाद मीही घातला होता. "माझी बायको चाळीस वर्षे लोकरीच्या नमद्यांना टाके घालते, ते काय उगाच?"

डॉक्टर नुरझात हसल्या. "आजोबा, नमदा आपोआप भरून येत नाही, कातडी येते. तुम्ही फक्त मलम लावा आणि हात आवरा!"

मलम आपली आयसुलू लावते. म्हणते, "बाबा, डोळा तुमच्याशी वाद घालत नाही, म्हणून लवकर बरा होतोय."

तुझे गुडघे कसे आहेत? गाय व्याली का?

आता कबुली. दोन वर्षांपूर्वी चहा ओतताना तू म्हणालीस, "अहो, तिथले पापणीचे केस गळलेत, कुणाला तरी दाखवा." वयाने केस गळतात, असे मी सुनावले. "मग दुसऱ्या डोळ्याचं वय काय कमी आहे?" असे तू विचारलेस, तेव्हा मी वर्तमानपत्र उघडले. तरीही तू पिच्छा सोडला नाहीस, म्हणून केस गाळणारी ती गाठ वेळेत सापडली आणि डोळा वाचला.

प्रश्न बिनतोड होता. चूक माझी.

तुझा ऋणी,
तोक्तोसून