दादा तर ठणठणीत आहे

प्रिय ठकू,

तुझं पत्र मिळालं. त्यातल्या शेवटच्या ओळीचं उत्तर मी शेवटीच देणार आहे, कारण आधी दिलं तर तू पुढचं काही वाचणार नाहीस. मी तुला ओळखते. लग्न होऊन मी या घरात आले तेव्हा तू दोन वेण्या घालून दारात उभी होतीस आणि मला बघून तुझ्या तोंडून पहिलं वाक्य निघालं ते, "ही आमच्या दादापेक्षा उंच आहे." तेव्हापासून मी तुझ्या दादापेक्षा कशातही जास्त असलेली तुला खपत नाही. जास्त थकलेलीसुद्धा. असो. पाणी जवळ घे, बस, आणि वाच.

इकडची खबरबात म्हणशील तर लिफ्ट पुन्हा बंद पडली आहे. खालच्या मजल्यावरचा चष्मेवाला दुकान विकून मुलाकडे राहायला गेला. हे पडले की उचलायला त्याला हाक मारायची, ती सोयही गेली. तू प्रत्येक पत्रात विचारतेस, दादा पडतबिडत नाही ना? पडतात गं. फक्त तू आलीस की पडत नाहीत. तुझी रिक्षा खाली थांबली की यांच्या अंगात कुठून बळ येतं देव जाणे. मागच्या वेळी जिना उतरून फाटकापर्यंत गेले, तुझ्या हातातली पिशवी घेतली. तू मला वर येऊन म्हणालीस, "दादा तर ठणठणीत आहे, वहिनी. तूच काळजी करून करून वाळलीस." तू गेल्यावर ती पिशवी उचलल्याचं भाडं मी आठवडाभर भरत होते. पलंगावरून त्यांना उठवणं म्हणजे ओलं गाठोडं उचलण्यासारखं झालं होतं.

यांची नोकरी तुला माझ्यापेक्षा जास्त पाठ आहे. मोठ्या हॉटेलातले हेड वेटर म्हणून तू शाळेत काय मिरवायचीस! पाहुण्यांसमोर ताठ उभं राहायचं, हसायचं, खुर्ची ओढून द्यायची, आणि आत स्वयंपाकघरात आग लागली असली तरी बाहेर चेहऱ्यावर काही दिसू द्यायचं नाही. घरी आले की सुजलेले पाय गरम पाण्यात सोडून बसायचे आणि म्हणायचे, पाहुण्याला आपले पाय दुखतायत हे कळलं की त्याच्या तोंडची चव जाते. मला तेव्हा त्यांचं फार कौतुक वाटायचं. त्या शिस्तीचा एक दिवस मला एवढा राग येईल असं कोणी सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं.

कंपवाताने हात थरथरतात एवढंच तू पाहिलंस. दारातून जाताना पाय जमिनीला चिकटतात ते तू पाहिलं नाहीस. खोलीतून बाथरूमला जायचं तर मधल्या दारात हे खांबासारखे उभे, आणि मी पुढ्यात वाकून एकेक पाऊल हाताने उचलते आहे. चहा गिळताना ठसका लागतो, झोपेत कूस बदलता येत नाही, ती मी बदलून देते. एकदा दुपारी बाथरूममध्ये ते माझ्या अंगावर कोसळले. माझा हात त्यांच्या पाठीखाली अडकला. चष्मेवाल्याच्या बायकोला ऐकू जाईपर्यंत आम्ही दोघं ओल्या फरशीवर तसेच पडून. आणि हे मला काय म्हणत होते माहितीये? "सॉरी मॅडम." एकदा नाही, सारखं. माझा हात दुखावला, तो बरा झाला. पण तेव्हापासून माझं अंग बाहेर येतं. हे तुला मी आजवर सांगितलं नव्हतं. डॉक्टरीण म्हणाली, बादलीसुद्धा उचलायची नाही. मी तिला विचारलं, नवरा उचलला तर चालेल का? ती हसली. तिला वाटलं मी विनोद केला.

मग मी मदत शोधायला लागले. मी आयुष्यभर टेलिफोन ऑपरेटरची नोकरी केली, हजार लोकांचे फोन जोडून दिले, आणि माझाच कोणी जोडून देईना. आरोग्य खात्याने सांगितलं, हे दुखणं बरं होणारं नाही, म्हणजे हे अपंगत्व, तिकडे जा. अपंगांच्या खिडकीवर म्हणाले, यांचं वय जास्त आहे, वृद्धांच्या कक्षात जा. वृद्धांच्या कक्षातली बाई म्हणाली, आजार आहे ना, मग आरोग्य खातं. अडला हरी, दुसरं काय! ज्या गाढवाचे पाय धरायचे ते तरी दाखवा म्हटलं. शेवटी मी त्या कक्षातच बसून राहिले. कुलूप लावायची वेळ झाली तरी उठले नाही, तेव्हा कुठे मदत केंद्राचा पत्ता मिळाला, आपल्या घरामागे दोन गल्ल्या सोडून. घरी मदतनीस मिळते, सकाळ-संध्याकाळ, अंघोळ घालायला, उठवाबसवायला. त्याआधी त्यांच्या बाई घरी येऊन माणसाची पाहणी करतात.

आणि त्या पहिल्या पाहणीला मी काय केलं, ठकू? घर आवरलं. परक्या बाई येणार म्हणून पलंगावर धुतलेली चादर घातली, यांची दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला, लघवीची बाटली दडवली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. बेल वाजली आणि हे उठले. कोणाच्याही मदतीशिवाय उठले, दारापर्यंत गेले, मान लववून म्हणाले, "या मॅडम, उन्हातून आलात." त्यांच्यासाठी खुर्ची ओढली. ट्रेमध्ये पाण्याचा पेला ठेवून आणला, त्यातलं थोडंच सांडलं. बाई विचारत गेल्या आणि हे हसतहसत सगळ्याला हो म्हणत गेले. जेवता येतं का? हो मॅडम. कपडे घालता येतात? हो मॅडम, फक्त जरा वेळ लागतो. मी मधे काही बोलायला गेले तर माझ्याकडे अशी नजर टाकली, जशी त्या हॉटेलात नव्या पोऱ्याकडे टाकत असतील. आणि मी गप्प बसले, कारण खरं सांगू? मला ते फार देखणे वाटले त्या दिवशी.

मदत नामंजूर झाली. कागदावर लिहिलं होतं, "स्वावलंबी. नातेवाइकांच्या सांगण्यानुसार जिना उतरू शकतात." ती नातेवाईक तू. केंद्राकडून फोन आल्याचं तू मला मागाहून किती खुशीत सांगितलंस, "मी त्यांना सांगितलं, माझा दादा अजून मला फाटकापर्यंत घ्यायला येतो." मी तुला तेव्हा काही बोलले नाही. आता बोलते. ते ऐकून मी स्वयंपाकघरात जाऊन तोंडात पदर कोंबून ओरडले होते.

दुसऱ्या पाहणीसाठी मी अर्ज केला आणि या वेळी मी शहाणी झाले होते. चादर बदलली नाही. दाढी केली नाही. शर्टाची बटणं उघडी ठेवली. आणि सकाळची गोळी दिली नाही. ती गोळी पोटात गेली की यांचे हातपाय थोडे सुटतात. नाही गेली तर माणूस लाकूड. ते मागत होते. डोळ्यांनी मागत होते, कारण आवाज फुटत नव्हता. मी म्हटलं, देते, थांबा. बेल वाजली तेव्हा त्यांनी उठायचा प्रयत्न केला. मी समोर हाताची घडी घालून उभी राहिले आणि त्यांना तीनतीनदा धडपडू दिलं. मग बाई विचारायला लागल्या आणि उत्तरं मी दिली, त्यांच्यासमोर, मोठ्या आवाजात. लघवीचा ताबा नाही. लाळ गळते. मीच धुते. तोंडात घास कोंबावा लागतो. जे आम्ही नवराबायकोने एकमेकांतही कधी उच्चारलं नव्हतं ते सगळं मी एका परक्या बाईच्या पुढ्यात मांडलं. बाईंनी त्यांना बटण लावायला सांगितलं. बोटं त्या एका बटणाशी झटत राहिली, बाई लिहीत राहिल्या आणि मी मनात म्हणत होते, लागू नको, लागू नको. नाही लागलं. बाई गेल्यावर मी गोळी दिली. त्यांनी गिळली. त्या दिवसापासून ते माझ्याशी फक्त कामापुरतं बोलतात. "पाणी." "उजेड." "पुरे."

मदत मंजूर झाली. मदतनीस म्हणून येते ती एक धिप्पाड पोरगी आहे, यांना आजोबा म्हणते आणि उचलून खुर्चीत ठेवते, कपाटावरचा डबा काढून खाली ठेवावा तसं. यांना आजोबा म्हटलेलं आवडत नाही, पण आता यांना काय आवडतं हे कोण विचारतंय! मी मात्र माणसात आले, ठकू. दुपारी झोपते. डॉक्टरिणीकडे जाऊन, अंग बाहेर येऊ नये म्हणून आधाराची कडी बसवून घेतली. एकदा केस कापायला गेले तर आरशात एक बाई बसली होती, बरी दिसत होती. मला कोणी म्हणालं की नवऱ्याच्या मानापेक्षा तुला तुझी झोप मोठी झाली, तर मी म्हणेन, हो, झाली. मान राखायला ज्यांना वेळ आहे त्यांनी राखावा. माझं यांच्यावर प्रेम नाही असं समजू नकोस. आहे. ते झोपलेले असतात तेव्हा मी त्यांच्या पायांना तेल लावते, जागे असताना ते पाय ओढून घेतात.

मदत वर्षापुरती असते. वर्ष भरलं की पुन्हा पाहणी. त्याच बाई येत्या गुरुवारी येतायत. मला धास्ती आहे ती ही, की आता गोळ्या माझ्या हातात नाहीत. त्या पोरीच्या ताब्यात असतात, ती डोळ्यांसमोर गिळायला लावते आणि वेळ लिहून ठेवते. शिवाय तिच्या हातच्या व्यायामाने हे थोडे सुधारलेत. मदतीने माणूस सुधारला की मदत काढून घेतात, असा तो न्याय आहे. आणि मदत गेली की महिन्याभरात आम्ही दोघं पुन्हा त्या फरशीवर. या वेळी खाली चष्मेवालाही नाही.

आणि नेमकं त्यातच तुझं पत्र. ते माझ्या हाती पडायच्या आधी त्या पोरीने त्यांना वाचून दाखवलं. बुधवारी येतेस, चार दिवस राहतेस. तुझे दादा काल स्वतःच्या हाताने जेवले, ठकू! तिला धरून गॅलरीपर्यंत चालले. कपाटातून काळे बूट काढून पुसायला लावले. माझ्याकडे बघून पूर्ण वाक्य बोलले, वर्षभरात पहिलं, "ठकू आली की तिला मधली खोली दे." मी हो म्हटलं आणि आत जाऊन विचार करत बसले. मागे एकदा तुझं येणं अचानक रद्द झालं होतं, सुनेच्या बाळंतपणासाठी. तेव्हा हे कितीतरी दिवस उठले नव्हते, तोंडातलं पातळ अन्नसुद्धा बाहेर येत होतं. ते मला आठवलं.

तर शेवटच्या ओळीचं उत्तर असं, की येऊ नकोस. बुधवारी नको, आणि फोनही करू नकोस. मी त्यांना सांगितलंय की ते झोपले असताना तुझा फोन आला होता. गाडी चुकली, तब्येत बरी नाही, असलं काही त्यांना पटलं नसतं, ते आशा धरून बसले असते. म्हणून मी सांगितलं की तू म्हणालीस, मला दादाला असं लाळ गाळताना बघवणार नाही, मी यापुढे येणार नाही. ठकू रडत होती का, एवढंच त्यांनी विचारलं. मी म्हटलं, नाही. सकाळपासून त्यांनी तोंड उघडलेलं नाही, ना घासाला ना गोळीला, ती पोरगी हरली. गुरुवारपर्यंत ते असेच राहायला हवेत.

तुझीच,
वहिनी