हरित शक्ती आणि माझ्या पाणपिसवा

१२ एप्रिल
तळं हिरवंगार! कडेला तर साय धरलीय, बोट घातलं की रंग लागतो. उसाचा सगळा युरिया वाहून इथंच येतो, वर हे ऊन — शेवाळ माजणारच. म्हशीसुद्धा तोंड फिरवतात. आणि गावातला जयराज हेच पाणी टॉनिक म्हणून विकायला बाटल्यांत भरतोय! सांगलीच्या जिममध्ये दोन वर्षं काढली, तिथून ही अक्कल आणली. "सबीना मॅडम, परदेशात ह्याच्या गोळ्या मिळत्यात. आपल्याला फुकाट हाय!" नाव ठेवलंय — हरित शक्ती.

१४ एप्रिल
कॉलेजातला सूक्ष्मदर्शक घरी आणला. तळ्यातल्या पाणपिसवा बघितल्या. मोहरीपेक्षा लहान जीव, अंग काचेसारखं, आतलं काळीज धडधडताना दिसतं. एरवी ह्याच बिचाऱ्या शेवाळ खाऊन पाणी नितळ ठेवतात. पण हे शेवाळ विषारी. तोंडाशी गुठळ्या अडकल्यात, काळीज अडखळतंय. ज्या जगल्यात त्यांच्या अंगात अंडी नाहीत. फार वाईट वाटलं. पाणपिसवांसाठी रडते म्हटलं तर लोक मलाच दवाखान्यात नेतील.

१५ एप्रिल
अब्बा पितायत! उशाशी बाटली सापडली. "गुडघं लय हलकं झाल्यात गं." चार दिवस जुलाब चाललेत, सगळा माणूसच हलका झालाय! शिलाई मशीन बंद, मुक्काम संडासात. भांडभांड भांडले. ऐकतील तर ते अब्बा कसले.

१९ एप्रिल
ग्रामसभा. काल पंचायतीच्या कपाटात दोन ग्लास ठेवले होते — एकात विहिरीचं पाणी, एकात हरित शक्ती, दोन्हीत पिसवा. आज सगळ्यांसमोर कपाट उघडलं. विहिरीच्या पाण्यातल्या उड्या मारतायत, दुसऱ्या ग्लासातल्या तळाला. मी छाती काढून — "बघा! सगळ्या मेल्या!"
मग सुभेदार लालासाहेब उठले. "किडं मारतंय म्हंजे औषध जोरात हाय की रं!" टाळ्या!! म्हातारी बनुबाई म्हणते, "पोटातलं जंत बी मरत्याल." जयराज माझ्या पाया पडायचा तेवढा बाकी होता. संध्याकाळपर्यंत त्याच्याकडं एक बाटली उरली नाही. डोकं आपटून घ्यावं!

२० एप्रिल
अब्बा आता दोन वेळा पितात.

२३ एप्रिल
खोटं बोलले. प्राणिशास्त्राची मास्तरीण असून! हरित शक्तीच्या बाटलीत गुपचूप विहिरीचं पाणी भरलं, खायचा हिरवा रंग घातला आणि वर धडधाकट पिसवा सोडल्या. चावडीवर एकेकाच्या डोळ्याला भिंग लावलं. "हे असं किड्यांचं पाणी पिता तुम्ही!" भिंगाखाली पिसवा नुसत्या नाचत होत्या. बनुबाईला तिथंच ओकारी. लालासाहेब पांढरेफटक — "आवं, मी तर गाळून बी प्यालो न्हाई!" अब्बांनी घरातली बाटली मोरीत ओतली.
जिंकले! रात्री बिर्याणी केली.

२६ एप्रिल
जुलाब थांबले. अब्बा मशीनवर. माझ्या ब्लाउजची बाही उलटी जोडली, तरी मी तोच घालून कॉलेजला गेले.

२८ एप्रिल
पंचायतीत माझा सत्कार. शाल, नारळ, फोटो. हार जयराजनंच घातला! "मॅडमनी आमचं डोळं उघडलं." हा एवढा गोड का बोलतोय?

१ मे
परीक्षेची ड्युटी, मलकापुरात मुक्काम. अब्बांचा फोन. "जयराजनं तळ्यात उसावरचं किडीचं औषध फवारलं बघ. आता एक बी किडा न्हाई. तुझ्यामुळं झालं!" खूश होते. माझ्या पिसवा गेल्या. शेवाळ तसंच, आता तर ते खाणारंही कुणी नाही. टॉनिक बंद झालंय, एवढीच धुगधुगी.

३ मे
कराड, दवाखाना. अब्बांच्या नाकात नळी. डॉक्टर ओरडले, "काय प्यायलेत हे?" अब्बांच्या उशाशी सापडलेली, नव्या लेबलाची बाटली मी पुढं केली. हरित शक्ती — आता शंभर टक्के किडेमुक्त. खाली सत्कारातला फोटो, हार घालून हसणारी मी. डॉक्टर एकदा बाटलीकडं बघतात, एकदा माझ्याकडं.