दगडावर दोन नावं

ता. ४ मार्च

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

इकडे सर्व ठीक. माझे गुडघे कुरकुरतात, पण आमच्या साहेबांपेक्षा कमीच.

तुला आलेली पालिकेची नोटीस खरी आहे आणि ती मीच धाडली आहे; दफनभूमीचं काम ऑफिसात माझ्याकडेच आहे. आपल्या दफनभूमीत जेमतेम वर्षभराची जागा उरली आहे. नवी जागा मिळते ती दोन बस बदलून, दीड तासावर. म्हातारी माणसं तिथे कशी जाणार? म्हणून तीस वर्षांहून जुन्या कबरी घरच्यांच्या संमतीने पुन्हा वापरायच्या, असा आराखडा मी केला. जुने अवशेष तिथेच खोल ठेवायचे, वर नवं माणूस, दगडावर दोन्ही नावं. यादीत पहिले आपले बाबा घातले. स्वतःचं राखून दुसऱ्यांकडे कोणत्या तोंडाने मागू? थोरला म्हणून तुझी सही लागेल.

लोभ आहेच, रागाच्या भरातही तो असू द्यावा.

तुझी,
धाकटी


ता. १५ मार्च

चि. धाकटीस,
अ. उ. आशीर्वाद.

पत्र वाचलं आणि भरल्या ताटावरून उठलो. बाबांनी जन्मभर दोन खोल्यांत सात माणसं सांभाळली. आता तरी त्यांना पाय पसरू दे की! तिथेही पोटभाडेकरू घालतेस? तुझी वहिनी म्हणते, तुझंच बरोबर आहे. या घरात माझ्या बाजूने कोणी नाही.

सही देणार नाही. त्या दगडाशी बसलं की मला बाबा भेटतात.

आशीर्वाद तुला आहेत, तुझ्या आराखड्याला नाहीत.

दादा


ता. २ एप्रिल

चि. धाकटीस,
आशीर्वाद.

हसू नकोस. रविवारी तुला न कळवता तिकडे येऊन गेलो. म्हटलं, बाबांशी बोलूनच नकार पक्का करावा. भिंतीकडच्या झाडाखाली अर्धा तास बसलो, तुझ्या चहाड्या सांगितल्या, रडलोही. तेवढ्यात माळी आला आणि म्हणाला, या आजींकडे चौदा वर्षांत पहिल्यांदाच कोणी आलं. दगडावरचं शेवाळ खरवडलं, तर खरोखरच कुणा आजीबाईंचं नाव! बाबा दोन ओळी पलीकडे होते. माळ्यानेच नेऊन दाखवले. दगड स्वच्छ होता. तू दर महिन्याला येतेस, असं तो म्हणाला.

मी शेवटचा कधी आलो होतो, ते काही केल्या आठवेना. फार लाज वाटली गं.

सही सोबत जोडली आहे. जे कोणी तिथे येईल, त्यांच्या घरच्यांना माझा निरोप सांग. म्हणावं, आपल्या माणसाला फुलं आणाल तेव्हा दोन आमच्या बाबांनाही वाहा. त्यांचा मुलगा लांब असतो.

या वेंधळ्या भावावरचा लोभ कमी करू नकोस.

दादा