सासू चांदीवर, सून पितळेवर

३ नोव्हेंबर, सोमवार

जोडी तुटली! अक्षता पहिल्या बाळंतपणाला भोकरदनला माहेरी गेली तवाच ठरलं होतं — दुपारी दोघींनी मोबाइलवर किल्ल्याचा गेम खेळायचा. सुनेनंच शिकवला मला. फोनवर ती 'जेवलात का आई' म्हणते अन् गप्प. खेळताना मात्र माइक चालू झाला की सगळं सांगती — पाय सुजलेत, झोप लागंना, भीती वाटती.

आज गेमच म्हणतो, जोडी लागत न्हाई. मी एकटी खेळून चांदीच्या पायरीवर गेले, ती खाली पितळेवरच. एका पायरीवरच्यांचीच जोडी लावतो म्हणे. कुणी सांगितलं होतं मला जिंकायला?

५ नोव्हेंबर, बुधवार

ठरलं. मुद्दाम हरायचं, पितळेवर उतरायचं. अक्षताला आधी सांगणार न्हाई.

हरणंबी सोपं न्हाई पण. दरवाजा उघडा टाकला तर समोरचा बाहेरच थांबला — त्याला वाटलं, ह्यात काहीतरी डाव आहे. शेवटी माझीच फौज नेऊन मारून घेतली. हे मागून बघून राह्यले होते. "अगं, मागं फिर, मागं!" म्हणलं, तुम्ही पेपर वाचा.

६ नोव्हेंबर

आजबी हरले. बराबर चाललंय.

९ नोव्हेंबर, रविवार

अक्षताच्या नावापुढं दुपारभर हिरवा दिवा. म्हंजे खेळून राह्यली, अन् मला शब्द न्हाई. कुणासंग खेळती? फोन केला तर "जयभीम आई, जेवलात का?" बस. माहेर भेटलं की सासू कशाला आठवती! लई वाईट वाटलं.

राजानंदला म्हणलं, तुझी बायको मला कंटाळली का रे? तो म्हणे, "तुमचं तुम्ही बघा, मला मधात घेऊ नका."

१२ नोव्हेंबर, बुधवार

आले एकदाची पितळेवर! रुसवा गिळून तिला बोलावणं धाडलं. गेम म्हणतो, जोडी लागत न्हाई. तिनंच काढून टाकलं का मला? चहाबी गेला न्हाई.

१३ नोव्हेंबर

सकाळीच अक्षताचा फोन. "आई, रोज दुपारी एकटी खेळून काल चांदीवर आले. तुमच्यासाठी चढले. अन् तुम्ही पितळेवर कशा?"

म्हणलं, मंग मी कुणासाठी उतरले, बाई?

दोघी हसत सुटलो. मंग ती बोलतच बसली — पाय, झोप, भीती, सगळं. गेम लावायचा राहूनच गेला.