मस्टँग का तापते

१५ एप्रिल, मंगळवार
पुन्हा तापली. कनेरगाव नाक्यापर्यंत जाऊन यायचं होतं, अर्ध्या वाटेतच काटा लाल पट्ट्यात. बाभळीखाली उभी केली. ढाब्यावरचे चौघे लगेच गोळा. एक म्हणतो, स्टेरिंग उलट्या बाजूला आहे म्हणून तापत असंल. काय बोलायचं अशा माणसांशी.

सदुसष्टची अमेरिकन मस्टँग. वर्षभर खपलो हिच्यावर. शेठनं नागपूरहून ट्रकवर टाकून आणली तेव्हा इंजिनात उंदरांचं घर होतं. हिंगोलीत आठ सिलिंडरचं इंजिन उघडणारा मी एकटा. हैदराबादेत अकरा वर्षं काढली ती काय उगीच? आणि आता साधं पाणी थंड राहत नाही.

१७ एप्रिल, गुरु.
थर्मोस्टॅट काढून बघितला. तापली. पंप नवा टाकला. तापली. पंखा, पट्टा, टायमिंग, सगळं बरोबर. उरला रेडिएटर फक्त. रेडिएटर युसुफभाईनं केलाय. मोंढ्याच्या बाजारामागचं त्यांचं दुकान, वीस वर्षांचा संबंध. नवीन नळ्या घालून दिल्या होत्या. एखादी बुजली असणार. नक्की.

१९ एप्रिल, शनि.
युसुफभाईकडे रेडिएटर घेऊन गेलो. त्यांनी माझ्यासमोर पाणी सोडलं, धो धो खाली. म्हणाले, "दत्तूभाऊ, यात खोट न्हाई. तुमी इंजिनात बघा." मला इंजिन शिकवतात! नको ते बोलून आलो. दुकानात दोन ट्रॅक्टरवाले बसलेले, त्यांच्यादेखत. वय झालं, हात थरथरतात, असं काहीतरी. मंगलला घरी आल्यावर सांगितलं तर ती म्हणाली, त्यांचे हात नाही थरथरत, मी गेल्या आठवड्यातच बघितले. बायकोसुद्धा तिकडून.

२४ एप्रिल, गुरु.
शेठ आले. शेठ म्हणजे हळदीचे आडते, अर्धा मोंढा त्यांच्या शब्दावर चालतो. अक्षय तृतीयेला मुलाचं लग्न. वरात मस्टँगमधून काढायची. मी म्हटलं, शेठ, ही गाडी पळण्यासाठी आहे, डीजेच्या मागं मुंगीच्या पावलानं चालण्यासाठी नाही. त्यात उन्हाळा. त्यात अजून तापते. म्हणाले, "पत्रिकेत फोटो छापला ना गाडीचा. आता काय बैलगाडी लावू?"
मी नाही म्हणायला हवं होतं. म्हटलं, बघतो.

३० एप्रिल, बुधवार
हात अजून थरथरतायत. माझे.

चारला गाडी मांडवापुढं लावली. बॉनेटवर शेठच्या बहिणीनं ओल्या कुंकवानं हे मोठं स्वस्तिक काढलं. सात दिवस पॉलिश केलेला रंग. चाकांखाली लिंबं. ठीक. मग शेठच्या मेहुण्यानं नारळ उचलला आणि थेट पुढच्या बंपरवर आपटला. अकोल्याहून क्रोम चढवून आणलेला बंपर! दगडावर फोडा म्हटलं तर म्हणे गाडीचा नारळ गाडीवरच फुटला पाहिजे. पोचा पडला. नारळ काही फुटला नाही. पुन्हा आपटला.

वरात निघाली. नवरदेव मागं, मी चालवतोय, पुढं दोनशे माणसं नाचतायत. एकेका गाण्याला एकेक फूट. जुन्या बँकेच्या वळणावर काटा चढला. हीटर चालू केला, इंजिनातली तेवढीच उष्णता निघते. नवरदेवाची शेरवानी भिजली. मारुतीच्या पारापाशी बॉनेटखालून फस्सकन वाफ. बायका लेकरं घेऊन पळाल्या. सगळ्यांचे मोबाइल वर. नवरदेवाला उतरवून कुणाच्या तरी बुलेटवर बसवलं.

शेठ सगळ्यांदेखत म्हणाले, "वर्ष झालं गाडी घेऊन बसलास, हेच केलंस?" आणि मी, त्याच सगळ्यांदेखत, म्हणालो: "इंजिन माझं, शेठ. रेडिएटर युसुफभाईचा."

२ मे, शुक्र.
वाफेचा व्हिडिओ पुसेगावच्या मामेभावापर्यंत पोचला. खाली लिहिलंय, अमेरिकन हळद बॉयलर. हसा.

शेठनं पुण्याहून नवा रेडिएटर मागवलाय. आणि आपल्या एकाही ट्रकचं, ट्रॅक्टरचं काम युसुफभाईकडे जायचं नाही म्हणून सांगून ठेवलं. मला हे त्यांच्या मुनीमाकडून कळलं. त्याला वाटलं मी खूष होईन. झालो की नाही? थोडा झालो. खोटं कशाला लिहू.

५ मे, सोम.
युसुफभाई स्वतः आले. सायकलवर. आत आले नाहीत, दारातच उभे. म्हणाले, एकदा दोघं मिळून तपासू, माझ्यासमोर पाणी टाका. मी म्हटलं, वेळ नाही. मान हलवून गेले. पाणीसुद्धा विचारलं नाही मी. या उन्हात.

८ मे, गुरु.
लिहायचं नव्हतं. लिहितो.

हेड, म्हणजे सिलिंडरांवरचं झाकण, डावं-उजवं अशी दोन; वाकलं का बघायला सकाळी इंजिन उघडायला घेतलं. दिवा लावून पुढून बघतोय. डाव्या हेडखाली, पुढच्या कोपऱ्यात, हेड आणि ब्लॉकमधल्या पातळ गॅस्केटचं टोक बाहेर आलेलं. नखाएवढं. उजवीकडे नाही. रोज बघतोय ते टोक. त्यावर निळा रंगसुद्धा मीच मारला. वाटायचं, अमेरिकन माल, असंच असेल.

हेड उचललं. गॅस्केटवर फ्रंट असा ठसा असतो, ती बाजू पुढं यायला पाहिजे. डावीकडची मागं होती. पाण्याची मागची भोकं बंद. पाणी पुढून वर चढून पुढूनच बाहेर, मागच्या सिलिंडरांकडे फिरकतच नाही. जगातला कुठलाही रेडिएटर लावा, तापणारच.

दोन्ही बाजूंची गॅस्केटं सारखीच असतात. एका बाजूला ठसा वर येतो, दुसऱ्या बाजूला पालथा घालावा लागतो. आणि माझा हात? जीप असो, ट्रॅक्टर असो, छापील बाजू वर. पहिल्या उस्तादानं चापट मारून शिकवलेलं. तीस वर्षं हात तेच करतोय. डोळ्यांनी वाचायची गरजच काय.

मग ही वही मागं चाळली. नोव्हेंबर, दुसरा आठवडा. माझंच अक्षर: "शेठचा तीनदा फोन. डोकं फिरलं. डावं हेड रागारागात बसवून टाकलं. झालं एकदाचं."
झालं एकदाचं.

पाना फेकला. खिडकीची काच गेली. मंगल धावत आली, काय झालं विचारलं. काही नाही म्हटलं. तिनं उघड्या इंजिनाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि काचा गोळा केल्या.

९ मे, शुक्र.
नवीन गॅस्केटं होतीच, सुटी जोडी जास्तीची आणली होती. हेड सरळ निघालं, नशीब. दोन्ही बसवली. ठसे तीनदा वाचले, बोट फिरवून.

शेठचा रेडिएटरही आला. खोक्यात आहे. तो लावला की गाडी थंड राहणार. शेठ म्हणणार, बघा, जुनाच खराब होता. कुणाला कळणार आहे? हिंगोलीत मला सोडून कुणाला कळतं हे? रात्रंदिवस याच गोष्टीचा मला अभिमान होता. आज त्याच गोष्टीची लाज वाटली.

दुपारी युसुफभाईकडे गेलो. दुकानात ते एकटे. भट्टी थंड. जुनं गॅस्केट पिशवीतून काढून समोर ठेवलं. त्यांनी उलटून बघितलं, बंद राहिलेल्या मागच्या भोकांचे काळे डाग बघितले. सगळं सांगितलं. वाटलं होतं शिव्या देतील. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. गॅस्केट परत पिशवीत घातलं, पिशवी माझ्या हातात दिली.

"मला काहून सांगून राहिले, दत्तूभाऊ? मला तं पहिल्या दिसापासून मालूम होतं. ज्याहीच्यापुढं बोलले, त्याहीला सांगा."

चहा मागवला नाही. वीस वर्षांत पहिल्यांदा.

१० मे, शनि.
पहाटेच काम संपवलं. पुण्याचा रेडिएटर खोक्यातच ठेवला, सुतळीही सोडली नाही. युसुफभाईचा बसवला. नाक्यापर्यंत जाऊन आलो, मग मारुतीच्या पारापासून मोंढ्यापर्यंत मुद्दाम पायी चालीनं नेली. दोन फेऱ्या. काटा मधोमध. हलला नाही. काय नळ्या बसवल्यात माणसानं.

शेठचा फोन आला. दहाला येतायत. एकटे नाही, त्या दिवशीचे सगळेच, मेहुणा, मुनीम, मोंढ्यातले चार-पाच. मुनीम मागून ओरडून विचारत होता, नवा रेडिएटर लावला ना?
मी म्हटलं, या तर आधी.

पावणेदहा झालेत. बॉनेट उघडून ठेवलंय. खोकं पुढंच आहे, दिसेल असं. जुनं गॅस्केट पिशवीतून काढून बंपरवर ठेवलं, बरोब्बर पोच्यावर. दोनदा उचलून परत पिशवीत घातलं. आता पुन्हा बाहेर आहे.

शेठच्या जीपचा हॉर्न वाजला.